पडला मोंतोनेच्या डोंगरात, नाव मात्र दोनशे किलोमीटर दूर : इटलीत हरवलेले मराठी जवान शोधतात तरी कसे?

माणगाव म्हटलं की बहुतेकांना मुंबई-गोवा हायवेवरचं ट्रॅफिक आठवतं. गणपतीत गावी जाताना, मे महिन्यात कोकणातून परत येताना इथं गाडी अडकली नाही असा चाकरमानी विरळाच. पण याच माणगावात तहसील कार्यालयासमोर एका तरुण जवानाचा पुतळा आहे. बाजूनं रोज शेकडो गाड्या जातात, पण तो कुणाचा हे विचारायला कुणी थांबत नाही.

त्याच जवानाच्या नावाचं एक स्मारक इटलीतही आहे. मध्य इटलीत उंब्रिया नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या पेरुजा जिल्ह्यात मोंतोने हे टेकडीवर वसलेलं छोटंसं गाव. जुलै २०२३ मध्ये या गावानं एक सूर्यघड्याळ बसवलं आणि त्याला नाव दिलं, ‘व्हीसी यशवंत घाडगे सनडायल मेमोरियल’.

आता गंमत बघा. पुतळा माणगावात, सूर्यघड्याळ मोंतोनेत, आणि घाडगेंचं नाव सरकारी नोंदीप्रमाणे जिथं कोरलंय ते ठिकाण आहे कासिनो. मोंतोनेपासून सरळ रेषेत मोजलं तरी दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. जिथं ते पडले तिथं तब्बल ७९ वर्षं त्यांच्या नावाचा दगड नव्हता.

असं का झालं? डोंगरातल्या लढाईत गेलेल्या माणसाचा हिशोब कोण ठेवतं? आणि आठ दशकांनी एखाद्याला त्याचं ठिकाण शोधायचं असेल तर ते शोधतात कसं? नीट समजून घेऊ.

पण मराठी पोरं इटलीत काय करत होती?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात २५ लाखांहून जास्त लोक भरती झाले. सक्तीची भरती नव्हती. कुणी घराण्याची परंपरा म्हणून गेला, कुणी पगारासाठी, तर कुणी गावात दुसरं काम नव्हतं म्हणून. कोकण, सातारा, कोल्हापूर, नगर या भागातून मराठा लाईट इन्फन्ट्रीत पोरं जायची. तेव्हा या रेजिमेंटचं नाव होतं ‘फिफ्थ मराठा लाईट इन्फन्ट्री’ आणि तिचं केंद्र होतं बेळगाव. ते आजही तिथंच आहे.

सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा इटलीच्या मुख्य भूमीवर उतरल्या आणि दक्षिणेकडून वर सरकायला लागल्या. त्यांच्यासोबत भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन होत्या. भारत सरकारच्या माहितीनुसार या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक होते. त्यातले ५,७८२ जण परत आले नाहीत. इटलीत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यातले ६ भारतीय सैन्यातल्या जवानांना मिळाले आणि या सहांमध्ये दोघे मराठी होते. एक नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. त्यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीच्या काठी पराक्रम गाजवला, ते जिवंत परतले आणि १९८४ मध्ये त्यांचं निधन झालं. दुसरे यशवंत घाडगे. ते परतले नाहीत.

इटलीचा नकाशा पाहिला की तिथली लढाई इतकी अवघड का होती ते कळतं. देशाच्या मधून अपेनाइन पर्वताची रांग जाते, आपल्याकडे सह्याद्री जातो तशी. या रांगेतून आडव्या नद्या वाहतात. म्हणजे दक्षिणेकडून निघालेल्या सैन्याला एक नदी ओलांडली की एक डोंगर, तो चढून उतरला की पुढची नदी. जर्मन सैन्यानं याचाच फायदा घेतला. प्रत्येक धारेवर मशीनगन बसवायच्या, शत्रूला जमेल तितके दिवस अडवायचं आणि मग मागच्या धारेवर सरकायचं.

१० जुलै १९४४ ला काय घडलं?

४ जून १९४४ ला रोम पडलं. जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे सरकत होतं, पण पळत नव्हतं. उत्तरेला त्यांची ‘गॉथिक लाईन’ ही संरक्षण फळी तयार होत होती आणि तोवर त्यांना वेळ काढायचा होता. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे मोंतोनेच्या आसपास, हीच वेळकाढू लढाई सुरू होती. समोर होती दहावी भारतीय डिव्हिजन आणि तिच्यातली मराठा लाईट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन.

नाईक यशवंत घाडगे त्या दिवशी एका सेक्शनचं नेतृत्व करत होते. वय २२. अगदी जवळून एका मशीनगननं त्यांच्या सेक्शनवर मारा केला. सेक्शनमधले सगळे जण ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले फक्त घाडगे.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात पुढचा प्रसंग नोंदलेला आहे. ते एकटेच मशीनगनच्या दिशेनं धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी गन आणि ती चालवणाऱ्याला निकामी केलं. टॉमी गननं आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. मग त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना संपवलं. त्यानंतर शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते तिथंच, जिंकलेल्या मोर्च्यावर कोसळले. ब्रिटिश सैन्यातलं शौर्याचं सर्वोच्च पदक त्यांना मरणोत्तर मिळालं.

पदकाची नोंद झाली, मानपत्र छापून आलं. पण युद्धानंतर त्यांची कबर मिळाली नाही.

डोंगरात माणूस हरवतो कसा?

आपल्याला वाटतं, लढाई संपली की मृतदेह उचलतात, नीट दफन किंवा दहन होतं आणि नाव लिहून ठेवतात. डोंगरातल्या लढाईत या प्रत्येक टप्प्यावर गडबड होऊ शकते.

पहिली अडचण म्हणजे लढाई थांबत नाही. धार ताब्यात आली की तुकडीला पुढच्या धारेकडे निघावं लागतं. गेलेल्या साथीदारांना जवळच, मिळेल त्या मातीत पुरतात किंवा शक्य असेल तिथं अग्नी देतात. वर खूण म्हणून लाकडी फळी, दगडांची रास किंवा हेल्मेट. जागेचा नोंदीचा आकडा नकाशावरून काढतात. नकाशाच्या चौकटीतला एखादा आकडा चुकला तर ती कबर कागदावर शेजारच्या टेकडीवर जाते.

दुसरी अडचण जमिनीची. खडकाळ उतारावर खोल खड्डा खणता येत नाही. पाऊस, भूस्खलन, हिवाळ्यातला बर्फ यांनी वरची खूण वाहून जाते. त्यात तीच टेकडी पुन्हा हातातून गेली तर पुन्हा तोफगोळे पडतात आणि आधीच्या कबरी उद्ध्वस्त होतात. बऱ्याच ठिकाणी सुरुंग पेरलेले असायचे, त्यामुळे नोंद घेणाऱ्या तुकड्यांनाही लगेच जाता यायचं नाही.

तिसरी अडचण ओळखीची. शोधपथक पोचेपर्यंत गणवेश कुजलेला, ओळखीचा बिल्ला गायब आणि सोबत लढलेले लोक शंभर किलोमीटर पुढे गेलेले. मग मृतदेह मिळाला तरी तो कुणाचा ते सांगणारं कुणी नसतं.

युद्धानंतर या विखुरलेल्या कबरी उकरून मोठ्या लष्करी दफनभूमीत एकत्र आणल्या गेल्या. कासिनोची दफनभूमी त्यातलीच एक. तिथं राष्ट्रकुल देशांच्या ४,२०० हून जास्त सैनिकांच्या कबरी आहेत आणि त्यातल्या पावणेतीनशेहून जास्त कबरींवर नावच नाही. म्हणजे माणूस सापडला, नाव सापडलं नाही.

याच्या उलट बाजूला आहे कासिनो मेमोरियल. याच दफनभूमीत हिरव्या संगमरवरी खांबांवर ४,००० हून जास्त नावं कोरलेली आहेत. हे इटलीच्या मोहिमेत गेलेले, पण कबर माहीत नसलेले सैनिक. म्हणजे नाव सापडलं, माणूस सापडला नाही. १९५६ मध्ये याचं अनावरण झालं. यशवंत घाडगेंचं नाव इथं आहे.

म्हणजे घाडगे कासिनोला लढताना गेले म्हणून त्यांचं नाव तिथं नाही. इटलीभर जे जे हरवले, त्यांचा एकत्र पत्ता म्हणून कासिनो निवडलं गेलं. हे माहीत नसेल तर स्मारकावरचं नाव वाचून माणूस चुकीच्या डोंगराकडे बघत बसतो.

ज्यांना अग्नी दिला त्यांचं काय?

राष्ट्रकुल देशांच्या युद्धमृतांचा हिशोब ठेवणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये ती ‘इम्पिरियल’ नावानं सुरू झाली. तिचे मूळ नियम साधे होते. प्रत्येक मृताचं नाव कबरीवर किंवा स्मारकावर असलं पाहिजे, आणि हुद्दा, वंश, धर्म यावरून भेदभाव होता कामा नये.

हिंदू आणि शीख सैनिकांच्या बाबतीत एक वेगळा प्रश्न होता. अग्नी दिल्यावर कबर उरतच नाही, मग नाव कुठे लिहायचं? त्यासाठी ‘क्रिमेशन मेमोरियल’ उभारली गेली. इटलीत अशी तीन आहेत. सांग्रो नदीजवळ ५०० हून जास्त, फोर्लीत जवळपास ८०० आणि रिमिनीत १७२ नावं. आपल्या देशातही असं स्मारक आहे. नागालँडमध्ये कोहिमाच्या युद्धस्मारकात दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं आहेत.

त्यामुळे घरातले कुणी इटलीत गेले असतील तर फक्त कबरी शोधून भागत नाही. नाव तीन प्रकारच्या ठिकाणी असू शकतं. कबर असेल तर दफनभूमीत, दहनाची नोंद असेल तर क्रिमेशन मेमोरियलवर आणि दोन्ही नसेल तर कासिनोच्या खांबांवर.

नियम सगळ्यांना सारखा होता का?

कागदावर होता. प्रत्यक्षात नव्हता.

पहिल्या महायुद्धातलं उदाहरण बघा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी मोठ्या संख्येनं लढल्या. तिथल्या बसरा मेमोरियलच्या मूळ फलकांवर ब्रिटिश सैनिकांची नावं आली, भारतीय अधिकाऱ्यांची नावं आली. पण साध्या भारतीय शिपायांची नावं आली नाहीत. त्यांच्या रेजिमेंटखाली फक्त आकडा लिहिला गेला.

२०२१ मध्ये कमिशननं स्वतःच्याच इतिहासाची चौकशी करून अहवाल काढला आणि ही चूक कबूल केली. पहिल्या महायुद्धातले ४५ ते ५४ हजार मृत, ज्यात भारतीय आणि आफ्रिकी मोठ्या संख्येनं होते, त्यांचं स्मरण इतरांच्या बरोबरीनं झालं नाही. शिवाय किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावं कोरलीच गेली नाहीत किंवा त्यांचं स्मरणच झालं नाही. त्या मागे वंशभेदी विचार होते, हेही अहवालात मान्य केलं गेलं. कमिशननं माफी मागितली आणि राहिलेली नावं शोधायचं काम सुरू केलं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत परिस्थिती बदलली होती. कासिनोच्या खांबांवर शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं आहेत. पण नाव कोरलं म्हणजे माणूस घरच्यांपर्यंत पोचला असं होत नाही. त्यासाठी शोध लागतो.

मग शोध कसा घेतात?

युद्धभूमीवर संशोधन करणारे लोक, मग ते इतिहासाचे अभ्यासक असोत की गावातले हौशी, साधारण चार गोष्टी एकमेकांवर ठेवून बघतात.

पहिली गोष्ट, वॉर डायरी. प्रत्येक बटालियन रोज काय झालं ते लिहून ठेवायची. आज कुठून निघालो, कुठे पोचलो, कधी मारा झाला, किती गेले. यातल्या बहुतेक डायऱ्या आज लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. अडचण अशी की त्यात अधिकाऱ्यांची नावं असतात, जवानांचा बहुतेक वेळा फक्त आकडा.

दुसरी, कमिशनची नोंद. यात नाव, सैनिक क्रमांक, रेजिमेंट आणि मृत्यूची तारीख असते. डायरीतली तारीख आणि या नोंदीतली तारीख जुळवली की त्या दिवशीच्या आकड्यामागची नावं मिळतात.

तिसरी, नकाशा. डायरीत जागा नकाशाच्या आकड्यांत लिहिलेली असते. त्या काळचे लष्करी नकाशे आजच्या नकाशावर बसवले की टेकडी नक्की होते. घाडगेंसारख्या व्हिक्टोरिया क्रॉस विजेत्यांच्या बाबतीत मानपत्रही मदतीला येतं.

चौथी गोष्ट म्हणजे तिथली माणसं. कोणत्या शेतात गोळे पडले, कुठल्या घरात जखमी ठेवले होते, कुठल्या झाडाखाली कुणाला पुरलं हे त्या गावच्या म्हाताऱ्यांना माहीत असतं. ही माहिती कुठल्याच अर्काइव्हमध्ये नसते आणि दर वर्षी ती थोडी थोडी कमी होत जाते.

या चारही गोष्टी जुळल्या तर काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण फ्लॉरेन्सजवळच्या पोज्जो आल्तो या डोंगरावरचं आहे. तिथं १९९६ मध्ये मानवी हाडं सापडली. पुढे डीएनए तपासणी झाली. ती युरोपीय माणसांची नव्हती आणि वय विशीच्या आसपासचं होतं. मग कागद उघडले गेले. १३ सप्टेंबर १९४४ ला या डोंगरावर फ्रंटिअर फोर्स रायफल्सची चौथी बटालियन लढली होती आणि तिचे दोन जवान बेपत्ता होते, पालूराम आणि हरीसिंग. दोघेही आजच्या हरियाणातले, एक हिसार जिल्ह्यातला, दुसरा झज्जरचा. इटलीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि २०१९ मध्ये त्यांच्या अस्थी गावी आल्या. घर सोडल्यानंतर पाऊणशे वर्षांनी.

यात आणखी एक गुंता होता. फाळणीत ही रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. जवान हरियाणाचे, रेजिमेंट पाकिस्तानात, कागद लंडनमध्ये आणि हाडं इटलीत. असे किती तरी जवान आहेत ज्यांची रेजिमेंट आज त्यांच्या देशातच नाही. त्या मानानं मराठी जवानांच्या घरच्यांचं नशीब बरं. त्यांची रेजिमेंट त्याच नावानं बेळगावात उभी आहे.

मोंतोनेनं सूर्यघड्याळ का बसवलं?

मोंतोनेची नगरपालिका आणि इटलीतले लष्करी इतिहासाचे अभ्यासक यांनी मिळून हे स्मारक उभं केलं. अनावरणाला इटलीतल्या भारताच्या राजदूत नीना मल्होत्रा हजर होत्या, इटालियन सैन्याचे लोक होते आणि गावकरी मोठ्या संख्येनं आले होते.

हे स्मारक म्हणजे चालू स्थितीतलं सूर्यघड्याळ आहे. त्याचं बोधवाक्य लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या गावाला माणगाव कुठे आहे हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं, त्या गावानं हे वाक्य निवडलं.

इटालियन लोकांना हे का करावंसं वाटलं, याचं उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. १९४३-४५ मध्ये उत्तर आणि मध्य इटली जर्मन सैन्याच्या ताब्यात होती. त्यांच्या आजी-आजोबांसाठी ही लढाई पुस्तकातली नव्हती, दारातली होती. डोंगर उतरून गावात आलेले पहिले दोस्त सैनिक अनेक ठिकाणी भारतीय होते. फोर्ली शहरातही शीख सैनिकांचं स्मारक आहे आणि इटलीत स्थायिक झालेले पंजाबी लोक तिथं मानवंदना द्यायला जमतात.

आणि आपण का विसरलो?

हा प्रश्न जरा अडचणीचा आहे. जुलै १९४४ मध्ये घाडगे इटलीत लढत होते, तेव्हा ‘चले जाव’ आंदोलनातले नेते तुरुंगात होते. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार ब्रिटिश सत्तेला आव्हान देत होतं. आझाद हिंद सेना इंफाळच्या आघाडीवर होती. आणि त्याच सातारा-कोकणातली पोरं ब्रिटिशांच्या गणवेशात हिटलरच्या सैन्याशी लढत होती.

स्वातंत्र्यानंतर देशाला आपले नायक ठरवायचे होते. त्यात ‘ब्रिटिशांसाठी लढलेले’ लोक कुठे बसवायचे हे कुणालाच नीट कळलं नाही. ते ना स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत आले, ना १९४७ नंतरच्या युद्धांतल्या शहिदांच्या. ब्रिटिशांच्या इतिहासातही ते बराच काळ तळटिपेतच राहिले.

पण या वादाचा निकाल काहीही लागो, तो जवान कुठे पडला हा प्रश्न त्यानं मिटत नाही. मागे राहिलेल्या आईला, बायकोला, भावांना ‘तो कुठे आहे’ एवढंच विचारायचं होतं. त्यांना परदेशातून आलेला एक कागद मिळाला. त्यावरच्या इटलीतल्या गावाचं नाव घरात कुणाला वाचताही येत नव्हतं.

घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस होता, म्हणून माणगावात पुतळा झाला आणि मोंतोनेत घड्याळ. ५,७८२ पैकी बाकीच्यांचं काय? त्यांचं नाव एखाद्या खांबावर आहे, पण ते नाव आपल्या आजोबांच्या भावाचं आहे हे कोकणातल्या एखाद्या घराला आजही माहीत नसेल.

तुमच्या घरातला, गावातला जवान कसा शोधाल?

यासाठी लंडनला जायची गरज नाही. सुरुवात मोबाईलवरून होते.

आधी घरात शोधा. जुन्या ट्रंकेत पदक असेल तर त्याची कड बघा. भारतीय जवानांच्या पदकांवर बऱ्याचदा सैनिक क्रमांक, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असते. ‘इटली स्टार’ हे पदक असेल, म्हणजे लाल-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांच्या फितीचा तारा, तर ते इटलीच्या मोहिमेत असण्याची शक्यता मोठी. जवानाच्या घरच्यांना मिळालेलं पेन्शनचं पुस्तक, पत्रं, फोटोच्या मागचा शिक्का, काहीही टाकून देऊ नका. सगळ्यात महत्त्वाचा असतो सैनिक क्रमांक, कारण एका नावाचे दहा जण असतात.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाईटवर शोध घ्या. तो मोफत आहे. इथं तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, स्पेलिंग. ऐंशी वर्षांपूर्वीच्या कारकुनानं मराठी नाव जसं ऐकलं तसं रोमन लिपीत लिहिलं. पवारचं पोवार, जाधवचं जाधाव, यशवंतचं येशवंत झालेलं असतं. सगळ्या शक्यता टाकून बघा.

दोन, आडनाव. अनेक भारतीय जवानांचं पूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात आहे, किंवा आडनावच नाही. त्यामुळे पहिल्या नावानंही शोधा.

तीन, जिल्हा. नोंदीत तेव्हाचे जिल्हे आहेत. रायगड तेव्हा कुलाबा होता. सिंधुदुर्ग हा रत्नागिरीचाच भाग होता. गावाचं नाव चुकीचं लिहिलेलं असेल, पण जोडीला आई-वडिलांचं किंवा पत्नीचं नाव बऱ्याचदा दिलेलं असतं. ते जुळलं की शंका उरत नाही.

नोंद सापडली की स्मारकाचं नाव, मृत्यूची तारीख आणि बटालियन लिहून घ्या. तारीख आणि बटालियन मिळाली की त्या दिवशी ती तुकडी कुठल्या डोंगरावर होती हे शोधता येतं. पुढच्या मदतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बेळगावचं रेजिमेंटल सेंटर आणि दिल्लीतली युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही ठिकाणं आहेत. नोंदीत चूक असेल तर पुराव्यासह कमिशनला कळवता येतं आणि ती दुरुस्त होऊ शकते.

आणि गावातले दगड वाचा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धातल्या ४६ जवानांचं स्मारक आहे. अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर छोटा फलक असतो. त्यावर या गावातून युद्धावर किती गेले आणि किती परतले नाहीत एवढंच लिहिलेलं असतं. नावं नसतात. ती नावं गावातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारायची वेळ आत्ताच आहे.

पुढच्या वेळी माणगावला गाडी अडकली की तहसील कार्यालयासमोरच्या त्या पुतळ्यापर्यंत चालत जा. हायवेपासून फार लांब नाही. त्या पुतळ्यातल्या जवानाची कबर अजून सापडलेली नाही, पण आता किमान तो डोंगर कुठला ते आपल्याला माहीत आहे.